विश्लेषण : कान ठीक, दाढही ठीक, तरी जबडा का दुखतो? जबड्याच्या सांध्याच्या उपचारात घाई का नको?

जांभई देताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येतो. सकाळी उठल्यावर जबडा आंबल्यासारखा वाटतो. चिक्की किंवा कडक भाकरी चावताना कानशिलापर्यंत कळ जाते. कान तपासला तर त्यात काही सापडत नाही आणि दाताचा एक्स-रेही स्वच्छ निघतो. अशा वेळी दुखण्याचे मूळ अनेकदा जबड्याच्या सांध्यात किंवा तो हलवणाऱ्या स्नायूंमध्ये असते. बहुतेकांचे हे दुखणे साध्या उपायांनी आटोक्यात येते. मात्र निदान चुकले किंवा उपचाराची घाई झाली, तर चांगली दाढ विनाकारण काढली जाते किंवा सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच कोणता उपचार केव्हा घ्यावा आणि कोणता टाळावा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हा सांधा असतो कुठे?

दोन्ही कानांच्या किंचित पुढे बोटे ठेवून तोंड उघडले आणि मिटले की बोटांखाली जी हालचाल जाणवते, तोच जबड्याचा सांधा. वैद्यकीय भाषेत त्याला टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट किंवा थोडक्यात टीएमजे म्हणतात. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसलेले असते. दोन्ही हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती घर्षण कमी करते आणि दाब विभागते.

शरीरातील इतर सांध्यांपेक्षा याची रचना वेगळी आहे. तोंड उघडायला सुरुवात होते तेव्हा तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. तोंड आणखी उघडले की जबड्याचे टोक चकतीसह ड्रॉवरसारखे पुढे सरकते. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाला दुसऱ्याशिवाय हलता येत नाही. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे या साऱ्यात हा सांधा दिवसभर राबतो. त्यामुळे पायाचे हाड मोडल्यावर प्लास्टर घालून जशी पूर्ण विश्रांती देता येते, तशी ती याला सहसा देता येत नाही.

नेमके काय दुखते?

या दुखण्यांना एकत्रितपणे टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर्स म्हणजेच टीएमडी म्हटले जाते. हा एकच आजार नसून अनेक तक्रारींचा गट आहे. ढोबळमानाने त्याचे तीन भाग पडतात. पहिला आणि सर्वाधिक आढळणारा भाग स्नायूंच्या दुखण्याचा. गालातले आणि कानशिलावरचे चावण्याचे स्नायू ताणले गेले की ठणका लागतो आणि डोकेही दुखते. दुसरा भाग चकती जागेवरून सरकण्याचा. तिसरा भाग सांध्याच्या झिजेचा किंवा संधिवाताचा.

‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, जगभरातील ६ ते ९ टक्के प्रौढांना हा त्रास असतो. हाडे, सांधे आणि स्नायूंच्या जुनाट दुखण्यांमध्ये कंबरदुखीनंतर याचाच क्रमांक लागतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे.

आवाज येतो म्हणजे सांधा बिघडला का?

नाही. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या ‘कट्’ आवाजासाठी सहसा उपचाराची गरज नसते. चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जबड्याचे टोक तिच्यावर परत चढते, तेव्हा हा आवाज येतो. कोणताही त्रास नसलेल्या अनेकांच्या जबड्यातून असा आवाज येतो आणि वर्षानुवर्षे त्यात काही बदल होत नाही.

काळजी करावी ती वेगळ्या लक्षणांची. आधी आवाज येत होता, तो अचानक बंद झाला आणि तोंडही अर्धेच उघडू लागले, तर चकती मध्येच अडकलेली असू शकते. वाळू चुरडल्यासारखी कुरकुर आणि सोबत दुखणे असेल, तर सांध्याची झीज झाली आहे का हे पाहावे लागते. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. स्वतःच्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का, ही त्याची घरच्या घरी करता येणारी चाचणी.

दुखण्याचे कारण वाकडे दात?

ही समजूत जुनी आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने मोजक्या रुग्णांच्या आधारे असे मांडले, की दाढा गेल्याने जबड्याची ठेवण बदलते आणि त्यातून कानाच्या व सांध्याच्या तक्रारी सुरू होतात. पुढे अनेक दशके दात घासून ‘चावा’ जुळवणे हाच इलाज मानला गेला. नंतरच्या संशोधनातून या कल्पनेला पुरेसा आधार मिळाला नाही. दातांची ठेवण किंवा पूर्वी लावलेल्या तारा हे टीएमडीचे मुख्य कारण असल्याचे आज मानले जात नाही.

आज दिसणारे चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे. जबड्याला लागलेला मार, दाताच्या उपचारासाठी बराच वेळ ताणून उघडलेले तोंड, दात आवळण्याची सवय, अपुरी झोप, मानसिक ताण, शरीरात इतरत्र असलेले जुनाट दुखणे अशी अनेक कारणे एकत्र येतात. झोपेत दात खाणे हे पोटातील जंतांमुळे होते, असे घरोघरी म्हटले जाते. मोठ्या माणसांत मात्र त्याचा संबंध ताण, मद्य, धूम्रपान, जास्त चहा-कॉफी आणि नैराश्यावरील काही औषधांशी आढळतो.

अनेकांच्या लक्षात न येणारी आणखी एक सवय म्हणजे जागेपणी दात आवळून धरणे. तोंड मिटलेले असतानाही वरच्या आणि खालच्या दातांत थोडी फट असणे ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. दात एकमेकांना टेकायचे ते चावताना आणि गिळताना. संगणकासमोर, गर्दीत गाडी चालवताना किंवा मोबाइलवर मान खाली घालून बसलेले असताना ते तासन् तास एकमेकांवर दाबले गेले, तर स्नायू थकतात आणि दुखू लागतात.

रुग्ण चुकीच्या दारात का पोहोचतो?

सांधा कानाला चिकटूनच असल्याने दुखणे कानात जाणवते. गालाच्या स्नायूतील वेदना दाढेत उमटते, तर कानशिलाच्या स्नायूतील वेदना डोकेदुखी वाटते. त्यामुळे रुग्ण कानाच्या डॉक्टरांकडून दाताच्या डॉक्टरांकडे आणि तिथून मेंदूविकारतज्ज्ञांकडे फिरत राहतो. मधल्या काळात कोणी रूट कॅनाल करून घेतो, कोणी अक्कलदाढ काढून घेतो आणि दुखणे मात्र जागेवरच राहते. अमेरिकेतील नॅशनल अकॅडमीज या संस्थेने २०२० मधील अहवालात नेमके हेच अधोरेखित केले. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय व्यवस्था वेगवेगळ्या चालत असल्याने हे रुग्ण दोन्हींच्या मध्ये अडकतात, असे त्यात म्हटले आहे.

याउलट, प्रत्येक जबडादुखी सांध्याचीच असते असेही नाही. गरम-थंड लागताच एकाच दातात कळ येत असेल, तर कीड पाहावी लागते. चेहऱ्यावर विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची तीव्र कळ येत असेल, तर तो मज्जातंतूचा विकार असू शकतो. जेवताना कानाखाली सूज येत असेल, तर लाळग्रंथीत अडथळा असू शकतो. म्हणून कोणतीही दाढ काढण्याआधी दुखणे खरोखर त्याच दाढेतून येते आहे याची खात्री हवी.

गुटख्यामुळे तोंड उघडत नसेल तर?

महाराष्ट्रात हा फरक कळणे विशेष महत्त्वाचे आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी, मावा आणि विदर्भातील खर्रा यांचे व्यसन कमी झालेले नाही. सुपारीतील घटकांमुळे गालाच्या आतील त्वचा जाड, पांढुरकी आणि ताठ होत जाते. सुरुवातीला तिखट लागताच आग होते, पुढे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि ही कर्करोगपूर्व अवस्था आहे.

इथे अडचण सांध्यात नसून गालाच्या अस्तरात असते. त्यामुळे जबड्याचे व्यायाम करत घरी बसणे धोक्याचे ठरू शकते. सुपारी किंवा तंबाखू खाणाऱ्या व्यक्तीच्या तोंडात तीन बोटे जात नसतील, तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर लगेच तोंडाची तपासणी करून घ्यायला हवी.

घरच्या घरी काय करता येईल?

ताज्या दुखण्यात पहिले काही आठवडे पुढील उपाय पुरेसे ठरू शकतात.

• ओठ मिटलेले, दात सुटलेले : दिवसातून अनेकदा दात आवळले आहेत का ते तपासावे. मोबाइलवर आठवण लावता येते. ‘न’ उच्चारताना जीभ जिथे टेकते, तिथे ती सैल ठेवली की दात आपोआप सुटे होतात.

• मऊ आहार : खिचडी, मऊ भात, उपमा, दुधात कुस्करलेली भाकरी असे पदार्थ घ्यावेत. चिक्की, ऊस, कच्चे गाजर, च्युइंगम काही काळ बंद. पेरू किंवा सफरचंद अख्खे न चावता फोडी करून खावे. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा.

• शेक : ओलसर गरम टॉवेलने गालाला १५ ते २० मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा शेक द्यावा. नुकताच मार लागला असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फ बरा.

• जांभई : हनुवटीखाली मूठ धरून जांभई द्यावी, म्हणजे तोंड फार फाकत नाही.

• हलका व्यायाम : जीभ टाळूला टेकवून, दुखणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. जोर लावून तोंड उघडण्याचा प्रयत्न करू नये.

• बसण्याची ठेवण : हनुवटी तळहातावर टेकून बसणे, फोन खांदा आणि गालात धरणे, पोटावर झोपणे टाळावे.

आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतात. मात्र पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

दुखणे जुने झाले तर कोणता उपचार?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हटले जाते. ‘बीएमजे’च्या सूचना याच रुग्णांसाठी आहेत. जगभरातील चाचण्या एकत्र तपासून तज्ज्ञ आणि रुग्णांच्या गटाने त्या तयार केल्या. त्यात ठामपणे पाठिंबा मिळाला तो कमी खर्चाच्या आणि शरीरात कोणताही कायमचा बदल न करणाऱ्या उपायांना. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील जबड्याचे आणि मानेच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणे, स्नायूतील दुखऱ्या गाठी दाबून सैल करणे आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी हे त्यातील प्रमुख उपाय.

यातील शेवटच्या उपायाचे नाव ऐकून ‘दुखणे काय मनाचे आहे?’ असा प्रश्न रुग्णांना पडतो. तसे त्यात मानलेले नसते. वेदना खरीच असते. भीती, अपुरी झोप आणि ताण यांमुळे स्नायू आवळले जातात आणि मेंदूला वेदना अधिक तीव्र जाणवते. हे चक्र तोडायला ही थेरपी मदत करते.

नाईट गार्ड, बोटॉक्स, इंजेक्शन यांचे काय?

दवाखान्यात सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे रात्री दातांवर बसवायचा प्लास्टिकचा नाईट गार्ड. जुनाट दुखण्यासाठी तो वापरू नये, अशी या सूचनांची सशर्त शिफारस आहे. सशर्त म्हणजे पुरावा पक्का नाही आणि रुग्णानुसार निर्णय बदलू शकतो. झोपेत दात खाल्ल्याने दात झिजत असतील, तर ते वाचवण्यासाठी गार्ड दिला जातो. तो हेतू वेगळा. गार्ड घ्यायचाच असेल, तर तो सर्व दात झाकणारा आणि काढता येण्याजोगा असावा. तो लावल्यावर दुखणे वाढले किंवा दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले, तर वापर थांबवून दाखवायला हवे.

बोटॉक्स, लेझर, हायल्युरॉनिक ॲसिड किंवा स्टिरॉइडचे सांध्यातील इंजेक्शन आणि सांधा सुईने धुऊन काढण्याची आर्थ्रोसेंटेसिस ही प्रक्रिया यांच्याबाबतही जुनाट दुखण्यासाठी अशीच सशर्त नकारात्मक शिफारस आहे. चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि दातांत कायमचा बदल घडवणारी उपकरणे यांना मात्र स्पष्ट विरोध करण्यात आला आहे. केवळ जबडा दुखतो म्हणून दात घासणे, सर्व दातांना कॅप बसवणे किंवा तारा लावणे टाळावे, असाच सल्ला अमेरिकेची दंत संशोधन संस्था एनआयडीसीआरही देते.

घाईची किंमत किती मोठी?

या सावधगिरीमागे एक कटू इतिहास आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक रुग्णांच्या सांध्यातील चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त पदार्थाचे इम्प्लांट बसवण्यात आले. चावण्याच्या दाबाखाली त्याचे बारीक कण सुटू लागले. शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि त्या ओघात सांध्याचे हाडच झिजत गेले. काही रुग्णांच्या कवटीच्या हाडापर्यंत इजा पोहोचली. अमेरिकी औषध प्रशासनाने १९९० च्या अखेरीस इशारा दिला आणि पुढे ही इम्प्लांट बाजारातून परत मागवण्यात आली. साध्या दुखण्यासाठी उपचार घेतलेल्या अनेकांना त्यानंतर एकामागून एक शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले.

आजचे कृत्रिम सांधे धातू आणि विशेष प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावरील नियमही कडक झाले आहेत. तरी त्या घटनेने दिलेला धडा कायम आहे. जो उपचार मागे घेता येत नाही, तो सर्वांत शेवटी.

मग शस्त्रक्रिया कोणाला लागते?

फार थोड्यांना. सांधा हाडाने जुळून तोंड बंदच झाले असेल, सांध्यात गाठ असेल, संधिवाताने सांधा नष्ट झाला असेल किंवा जबडा वारंवार निखळत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. लहान मूल हनुवटीवर पडले आणि नंतर तोंड कमी उघडू लागले, तर दुर्लक्ष करू नये. हनुवटीवरचा मार थेट सांध्यापर्यंत पोहोचतो. वेळेत उपचार न झाल्यास सांधा जुळून जातो आणि जबड्याची वाढही खुंटते.

तातडीने केव्हा जायचे?

• जबडादुखीसोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. लगेच १०८ वर फोन करावा.

• जांभईनंतर तोंड मिटतच नसेल, तर सांधा निखळला आहे. घरी ओढाताण न करता रुग्णालय गाठावे.

• जखमेनंतर काही दिवसांत दातखीळ बसू लागली, तर धनुर्वाताची शक्यता असते.

• ताप, गालावर वाढती सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास.

• पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा थकणे आणि नजर धूसर होणे. रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ दाहात असे होते आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

एरवी दोन-तीन आठवडे घरगुती काळजी घेऊनही दुखणे हटत नसेल, तर ओरल मेडिसिन किंवा ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी या शाखांच्या तज्ज्ञांना दाखवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. पहिल्याच भेटीत एमआरआय लागेलच असे नाही. बहुतेक निदान विचारपूस आणि हाताने केलेल्या तपासणीतूनच होते.

मोठा खर्च सुचवला गेला, तर रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत. दुखणे स्नायूचे आहे की सांध्याचे? सुचवलेला उपचार नंतर मागे घेता येतो का? आधी व्यायाम आणि फिजिओथेरपीला दोन-तीन महिने दिले तर काही नुकसान होईल का? उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात गैर काही नाही.